कुणाकडून, कुणाला

मिरजेच्या वंशवाचन केंद्रात रक्त देऊन आलेल्या माणसाला अहवाल एका कागदावर मिळत नसे. चार बंद लिफाफे मिळत. पहिल्यावर छापलेलं असे ‘आहे का?’, दुसऱ्यावर ‘कधीपासून?’, तिसऱ्यावर ‘कुणाकडून?’ आणि चौथ्यावर ‘कुणाला?’ पहिला उघडणं कायद्याने सक्तीचं होतं. उरलेले तीन ज्याच्या त्याच्या मर्जीवर. बहुतेक माणसं पहिला उघडून झाल्या झाल्या तिसऱ्यावर झडप घालत. चौथा मात्र टेबलावरच राही. न उघडलेल्या चौथ्या लिफाफ्यांचे गठ्ठे बांधून केंद्राने एका लोखंडी कपाटात ठेवले होते, आणि ते कपाट आता भरत आलं होतं.

इंद्रनील आवटीनेही तिसराच मागितला.

तारीख होती चौदा ऑगस्ट, साल २०६२. समोर डॉ. सना मुजावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, मिरजेतच वाढलेल्या. पहिला लिफाफा त्याने त्यांच्यादेखत फोडला होता. आत एकच शब्द होता: ‘आहे.’ म्हणजे एचआयव्ही आहे. तो शब्द वाचून त्याला घाम फुटला खरा, पण त्याखाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते त्याचं त्यालाच ओंगळ वाटलं. गेले अकरा दिवस तो जे म्हणत होता ते खरं ठरलं होतं. तो वेडा नव्हता.

“तिसरा द्या, मॅडम,” तो म्हणाला. “नाव मला ठाऊक आहे. फक्त कागदावर पाहायचंय.”

“आधी दुसरा उघडा.”

“दुसऱ्यात काय असणार? तीन ऑगस्ट. रत्नागिरी.”

“आवटीसाहेब,” डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “उघडा तरी.”

इंद्रनील सांगलीच्या पाणीपुरवठा खात्यात पाणी तपासणारा रसायनतज्ज्ञ होता. वय सेहेचाळीस. बायको, ऋजुता, चार वर्षांपूर्वी वारली होती. घरी तो आणि पंधरा वर्षांची मुलगी ईरा. जुलैअखेर समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कामाचं सहा दिवसांचं शिबिर रत्नागिरीला भरलं, तिथे त्याची मृण्मयी खोतशी ओळख झाली. ती देवरुखची. भूजलाचं शिकवायला आली होती. पहिल्या दिवशी दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होती, तिसऱ्या दिवशी अरे-तुरेवर आली आणि शेवटच्या संध्याकाळी तिच्या खोलीवर. ऋजुतानंतर इंद्रनीलने कुणाच्या हाताला हात लावला नव्हता. त्याला रडू आलं, आणि मृण्मयीने काही न विचारता त्याला रडू दिलं. सकाळी चहा घेताना ती सहज म्हणाली, “माझी सहामाहीसुद्धा राहून गेलीय बघ. दोन महिने वर झाले.”

सहामाही म्हणजे सहा महिन्यांनी घ्यायची टोचणी. ती घेतली की हा विषाणू अंगात मूळ धरू शकत नसे. त्या काळी निम्मी माणसं ती घेत, निम्मी घेत नसत. ‘आम्हाला कशाला?’ म्हणणाऱ्यांत आवटींचं घर होतं.

मृण्मयीच्या त्या एका वाक्याने इंद्रनीलच्या मनात घर केलं. बसमध्ये संगमेश्वरपर्यंत ते कुठेतरी तळाशी होतं, कऱ्हाडला येईतो त्याने सगळं डोकं व्यापलं. हिची टोचणी राहिली. म्हणजे हिला गरज होती. म्हणजे हिचं आणखी कुणाकुणाशी असणार. तिसऱ्या दिवशी घसा दुखायला लागला. त्याने वाचून काढलं, की लागणीनंतर असाच ताप येतो, अशाच गळ्याला गाठी येतात. मग दिवसातून वीस वेळा तो आरशापुढे उभा राहून जबड्याखाली बोटं रुतवायचा. इतकं चाचपलं की गाठी नसल्या तरी दुखायला लागल्या. स्वतःचा टॉवेल त्याने वेगळ्या खुंटीला टांगला, ईराने त्याच्या ताटातली पोळी उचलली तर ओरडला. टॉवेलाने नि पोळीने हा रोग जात नाही हे त्याला कुठल्याही शिकलेल्या माणसाइतकंच ठाऊक होतं. भीतीला मात्र शिक्षण नव्हतं.

हेही त्याने वाचलं होतं, की संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर लागण बहुतेक टळते. पहिल्या दिवशी तो सांगलीतल्या दवाखान्याच्या दारापर्यंत गेला, तिथे खात्यातला एक ओळखीचा दिसला म्हणून परतला. दुसऱ्या दिवशी गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःला म्हणाला, उगाच घाबरतोयस. बहात्तर तास असे निघून गेले. नवव्या दिवशी त्याने मृण्मयीला लिहिलं, ‘तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. घरी माझी मुलगी आहे.’ ‘तू’चं पुन्हा ‘तुम्ही’ केलं, तेही मुद्दाम. तिचं उत्तर आलं, ‘काय सांगायला हवं होतं?’ त्याने ते वाचून तसंच ठेवलं.

आता त्याने दुसरा लिफाफा फोडला. आत लिहिलं होतं: ‘नोव्हेंबर २०५२.’

“हे दुसऱ्याचं आहे,” तो म्हणाला.

“तुमचंच आहे. मला पहिल्या लिफाफ्यालाच शंका आली होती.” डॉक्टरांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. “हे बघा, विषाणू आत शिरला म्हणजे लगेच चाचणीत दिसतो असं नाही. पहिले दहा-बारा दिवस तर कुठल्याच यंत्राला धड काही दिसत नाही. पुढे शरीर त्याला ओळखतं, त्याच्याशी लढायला प्रतिद्रव्यं तयार करतं, आणि आपली साधी चाचणी ती प्रतिद्रव्यं शोधते. त्याला काही आठवडे लागतात, एखाद्याला बारासुद्धा. या मधल्या वेळेला आम्ही मुका काळ म्हणतो. माणसाला लागण झालेली असते आणि रक्त बोलत नाही. अकराव्या दिवशी तुमचं रक्त एवढं मोठ्याने बोलतंय, ते अकरा दिवसांचं असूच शकत नाही.”

“पण महिना कसा सांगता तुम्ही? दहा वर्षांपूर्वीचा?”

“पोथ्या हाताने उतरवून काढायचे ना पूर्वी? उतरवणारा एखादं अक्षर चुकायचा. त्याच्यावरून जो उतरवायचा, तो ती चूक तशीच घ्यायचा आणि वर आपली एक घालायचा. चुका मोजल्या की पोथी किती हातांतून गेली ते कळतं, आणि कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली तेही कळतं. हा विषाणू फार गचाळ लेखनिक आहे. रोज स्वतःच्या लाखो प्रती काढतो आणि दर प्रतीत चुकतो. आम्ही त्या चुका वाचतो. पूर्वी अंदाज करायचे, आता महिना सांगता येतो. वंशवाचन म्हणजे एवढंच.”

इंद्रनील ऐकत होता. पण ‘नोव्हेंबर’ या शब्दाने त्याला दहा वर्षं मागे नेऊन सोडलं होतं.

त्या वर्षी आठ महिने तो हुबळीला होता, धरणाच्या कामावर, एकटा. एका रविवारी बरोबरच्या माणसांनी नेलं, आणि तो गेला. त्या बाईचं नाव त्याने विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नाही. तेव्हाही तो असाच घाबरला होता, अगदी असाच. दहाव्या दिवशी औषधाच्या दुकानातल्या यंत्रात बोट घालून त्याने चाचणी केली. हिरवा दिवा लागला. यंत्राच्या पडद्यावर एक ओळ उमटली होती, बारा आठवड्यांनी पुन्हा तपासा. त्याने ती वाचलीसुद्धा होती. पण हिरवा दिवा पाहिल्यावर दुकानाच्या पायरीवर बसून त्याने देवाचे आभार मानले होते. बारा आठवड्यांनी तो सांगलीत होता, ऋजुतापाशी, आणि ते सगळं त्याने मनाच्या तळाशी असं पुरून टाकलं होतं की आज या खुर्चीत बसेपर्यंत त्याला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

रोज तो पाण्याच्या अहवालावर ‘आढळले नाही’ असं लिहून सही करायचा. नव्या पोरांना शिकवायचा, ‘आढळले नाही म्हणजे नाही असं नव्हे रे. आपल्या यंत्राला दिसलं नाही, एवढंच.’

“घरी कोण कोण असतं?” डॉक्टर विचारत होत्या.

“मी आणि मुलगी. पंधरा वर्षांची.”

“म्हणजे बावन्नच्या आधीची. तिची काळजी करू नका, तरी एकदा तपासून घेऊ. मिसेस?”

“चार वर्षांपूर्वी गेली.”

“कशाने?”

“न्यूमोनियाने. बुरशीचा का कसला म्हणाले. आधी वजन उतरत गेलं, मग...”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाहेरच्या खोलीत कुणीतरी नंबर पुकारला, कुणीतरी उठून गेलं. ऋजुताच्या आजारपणातले पाच महिने त्याच्या डोळ्यांपुढून गेले. किती तपासण्या झाल्या होत्या! ही एक तेवढी झाली नव्हती. तोवर जिल्ह्यात वर्षाला चार-पाच रुग्ण सापडायचे, तरुण डॉक्टरांनी हा आजार परीक्षेपुरता वाचलेला असायचा. एका घरंदाज शिक्षिकेच्या बाबतीत तो कुणाच्या मनातही आला नाही. आणि ज्याच्या मनात यायला हवा होता, तो रोज डबा घेऊन तिच्या उशाशी बसत होता.

“मलाच काही कसं झालं नाही?”

“काही शरीरं दहा-बारा वर्षं दाद देत नाहीत. काही पाच वर्षांत थकतात. त्यात कुणाचा गुण नाही की दोष नाही.” त्यांनी औषधाची चिठ्ठी पुढे ओढली. “आवटीसाहेब, तुमच्यापुरतं सांगते. आजपासून औषध सुरू. सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. पुढच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातला विषाणू इतका खाली जाईल की तुमच्यापासून कुणालाही लागण होणार नाही. तुम्ही म्हातारे होऊन मराल.”

हे त्याने ऐकलं. अकरा दिवसांपूर्वी एवढं एक वाक्य ऐकायला त्याने काहीही दिलं असतं.

तिसरा लिफाफा त्याने उघडला. आत फक्त एक क्रमांक होता, आणि ‘व्यक्ती हयात नाही’ असा शेरा. कर्नाटकाच्या रुग्णांच्या नोंदवहीतला. ज्या नावावर सगळा राग काढायचा म्हणून तो आला होता, ते नाव नव्हतंच. मग, केंद्रात सहसा कुणी करत नसे ते त्याने केलं. चौथाही उघडला. ‘नोंदवहीत कुणी आढळले नाही.’

“मृण्मयी,” तो एकदम म्हणाला. “मॅडम, रत्नागिरीला... तिला माझ्यापासून...”

“शक्यता कमी आहे. एका वेळेला हजारात एखादी. तुमच्या रक्तातलं प्रमाण बघता थोडी जास्त धरू. पण आहे.”

“गोळ्या?”

“बहात्तर तास,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही दुसऱ्या दिवशी आला असतात, तर त्याच दुपारी मी तिला फोन केला असता.”

फोन इंद्रनीलने केंद्राच्या अंगणातून केला, उभ्यानेच. मृण्मयीने उचलला. त्याने सगळं सांगितलं. हुबळी, हिरवा दिवा, ऋजुता. मध्ये एकदा त्याला वाटलं, फोन तुटला.

“म्हणजे मी तुला दिलं असं तुला वाटत होतं, ते तूच मला दिलंयस,” ती शेवटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “कदाचित.”

“कदाचित. तू आजच जा. पण आज काही दिसलं नाही तरी...”

“मुका काळ. मी वाचलंय. तुझा तो निरोप टोचणीवरूनच असणार हे ओळखून दोन रात्री मी तेच वाचत बसले होते, माझ्यापासून तुला काही झालं असेल का म्हणून. मी शिबिरात सगळ्यांपुढे टोचणीचं बोलले असते, इंद्रनील. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. माझ्या वहिनीला हा आजार आहे, ती ठणठणीत आहे, दोन मुलं आहेत तिला. मी दर सहा महिन्यांनी तिच्याबरोबर जाते म्हणून टोचून घेते. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

त्याने विचारलं नव्हतं. विचारायला लागू नये म्हणून तर त्याने आधीच निकाल देऊन टाकला होता.

पुढचा महिनाभर इंद्रनील मृण्मयीच्या तपासण्यांवर जगला. स्वतःच्या गाठी तो विसरला. इंजेक्शन घेतलं, ईराची तपासणी केली, ती स्वच्छ आली. ऑफिसात परीक्षानळ्यांपुढे उभा असला की मनात दिवस मोजत असे, आज तिचा एकविसावा, आज तिचा तिसावा. पंचेचाळिसाव्या दिवशी तिचा फोन आला.

“नाही,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, प्रयोगशाळेच्या यंत्राला पंचेचाळीस दिवस पुरतात. आता नक्की नाही.”

तो भिंतीला टेकला. “मृण्मयी...”

“एक सांगू? महिनाभर मी आईच्या ताटात जेवले नाही. जात नाही तसं, हे ठाऊक असून. तुझा राग आलाच, पण त्याहून तुझी कीव आली, की हा माणूस हे सगळं एकट्याने करत होता.” मग ती म्हणाली, “पुन्हा फोन करू नकोस.” आणि त्याने केला नाही.

इथे गोष्ट संपली असती. कायद्यानेही ती संपली होती. पण चौथ्या लिफाफ्यातली ती ओळ इंद्रनीलला सोडीना. नोंदवहीत कुणी आढळले नाही. ऋजुताच्या फुप्फुसाचा एक तुकडा तेव्हा तपासणीला काढला होता, हे त्याला आठवत होतं. तसे तुकडे मेणाच्या वडीत घालून वीस वर्षं जपून ठेवतात. दिवाळीनंतर तो पुन्हा मिरजेला गेला.

डॉ. मुजावरांनी त्याला तासभर थोपवलं. “काय मिळणार त्यातून? औषध तुम्हाला चालू आहे. त्यांना आता काही होणार नाही, चांगलं नाही की वाईट नाही.”

“कदाचित तिलाच आधी झाला असेल, मॅडम. रक्त दिलं होतं तिला एकदा. कदाचित माझ्यापासून नसेलच.”

“आणि तुमच्यापासून असेल तर?”

“तर असेल.”

“आवटीसाहेब, मी हे काम अठरा वर्षं करतेय. लोक म्हणतात, खरं कळलं की मन शांत होतं. मला तसा माणूस अजून भेटायचाय.”

त्याने सही केली. तीन आठवड्यांनी एकच लिफाफा आला. या वेळी डॉक्टरांनी तो स्वतःच उघडून वाचला आणि मग त्याच्यापुढे सरकवला. ऋजुताच्या अंगातल्या सगळ्या प्रती इंद्रनीलच्या अंगातल्या एका प्रतीवरून उतरलेल्या होत्या. दिशा पक्की होती, शंकेला जागा नव्हती. आणि खाली महिना होता: ‘मार्च २०५३.’

इंद्रनीलने बोटांवर मोजलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. दुकानातल्या यंत्राने सांगितलेले बारा आठवडे फेब्रुवारीत भरत होते. तो फेब्रुवारीत पुन्हा गेला असता, तर यंत्राने त्याला लाल दिवा दाखवला असता, आणि मार्चमध्ये ऋजुता निरोगी होती.

“हा महिना नसता सांगितला तर चाललं असतं,” तो म्हणाला.

“हो,” डॉक्टर म्हणाल्या. “पण आता यंत्र तो सांगतंच.”

ईराला सांगायचं की नाही, यावर त्याने महिनाभर काढला. मग एका रविवारी सकाळी, ती केस वाळवत बाल्कनीत बसली असताना, जाऊन तिच्याजवळ बसला आणि सांगितलं. काही वगळलं नाही. हुबळीसुद्धा नाही. ईरा हातातला कंगवा फिरवत ऐकत राहिली.

“आईला माहीत होतं?” तिने विचारलं.

“नाही. म्हणजे... मला वाटतं, नसावं.”

“तुम्हाला वाटतं.”

“हो.”

ती उठून आत गेली. चार दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिने त्याच्या औषधाची पुढची तारीख विचारून घेतली आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिली. त्याहून जास्त काही म्हणाली नाही, आणि त्यालाही जास्त मागायचा हक्क वाटला नाही.

फेब्रुवारीत ऋजुताचं श्राद्ध आलं. ईराला आईचा एक फोटो मोठा करून लावायचा होता. आजवर होता तो आजारातला होता, गाल बसलेला. दोघं जुने फोटो पडद्यावर काढून बसली. ईरा भराभर सरकवत होती आणि एकावर थांबली. गच्चीत पापड वाळत घातलेले. ऋजुता पदर खोचून वाकलेली, मागून कुणीतरी हाक मारल्यासारखी वळून हसतेय. छोटी ईरा तिच्या पायाला बिलगलेली. फोटो इंद्रनीलनेच काढला असणार, कारण ऋजुता बघत होती ती फोटो काढणाऱ्याकडे.

“हा,” ईरा म्हणाली. “यात आई अगदी आईसारखी दिसतेय.”

फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती. एकोणीस मार्च २०५३.

इंद्रनील बघत राहिला. त्या महिन्याच्या एकतीस रात्रींतली कुठली, हे वंशवाचनाला सांगता आलेलं नव्हतं. एकोणीस तारखेच्या आधीची की नंतरची? या हसणाऱ्या बाईला ते झालेलं होतं की व्हायचं होतं? झालेलं असेल तर ती हसत होती ती तिला मारणाऱ्याकडे बघून. व्हायचं असेल तर त्या दुपारीसुद्धा वेळ गेलेली नव्हती. फोटो खाली ठेवून, दुकानात जाऊन, बोट पुढे करून परत यायला त्याला वीस मिनिटं लागली असती.

“बाबा, हा चालेल ना?”

“चालेल,” तो म्हणाला.

ईराने फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला, जेवणाच्या टेबलासमोर. जेवायला बसलं की तो इंद्रनीलच्या थेट पुढ्यात येई. ऋजुता वळून त्याच्याकडे बघून हसत असे, आणि तो पहिला घास हातात धरून, रोज नव्याने, तिचा चेहरा निरखत राही, आधीची की नंतरची, काही ओळखू येतंय का म्हणून.